वेठ नको, सावड द्या



गेल्या ग्रामसभेत एक गोष्ट झाली, ती लिहून काढायचं आम्ही ठरवलं. दाव्यांच्या फायली मांडून आम्ही बसलो होतो. कोणाचा अंगठा राहिलेला, कोणाची पावती फाटलेली, असं काम चाललं होतं. तेवढ्यात आमच्याच पाड्यावरचा एक आजा सगळ्यांसमोर बोलला, "तुम्ही पोरं बारा-बारा वर्षं शिकली. बापाने भट्टीवर माती तुडवून शिकवली. आता नोकरी नाय, धंदा नाय, मजुरीला पण जात नाय. फुकट कागद वाहत हिंडता. रिकामी ती रिकामीच." सभा हसली. आम्हीपण हसलो. आजा मोठा माणूस, त्याला उलट कोण बोलणार? पण घरी जाताना आमच्यात कोणी कोणाशी बोललं नाही.

त्यानंतर आमच्यातल्या दोघांनी यायचं बंद केलं. एक पोरगा भिवंडीला गोडाऊनमध्ये माल उचलायला लागला. एक पोरगी घरी बसली, तिच्या बापाने सांगितलं, "लोक हसतात, बस झालं आता." सात जणांचे आम्ही पाच राहिलो.

आजावर आमचा राग नाही. पण तो जे बोलला ते पुष्कळांच्या मनात आहे. त्याला उत्तर दिलं नाही तर उरलेलेही जातील, आणि दाव्यांचे कागद पेटीत पडून वाळवी खाईल. म्हणून हे उत्तर. ते आजाला आहे, सरकारला आहे, आणि आमच्या संघटनेच्या मोठ्या कार्यकर्त्यांनाही आहे. कोणाला लागलं तर लागो.

आम्हांला काय सांगितलं होतं

आश्रमशाळेत पहिल्या दिवसापासून आम्हांला एकच सांगितलं, शिकलास तर साहेब होशील. आईबापांनाही तेच सांगितलं. दिवाळी झाली की आईबाप पाडा सोडून जगायला जायचे, वीटभट्टीवर, रेतीवर, आणि आम्ही आश्रमशाळेत. शेठकडून उचल घेतली तिच्यातून आमची वही आली, चप्पल आली. आईबाप म्हणायचे, आमचं गेलं ते गेलं, पोरगा तरी वर चढेल.

दहावी झाली, बारावी झाली. सेवायोजन कार्यालयात नाव घातलं, कार्ड मिळालं. ते कार्ड पुन्हा पुन्हा नवं करून आणायचं, त्याला एसटीचं भाडं घालायचं. काही जणांनी डी.एड. केलं, ते आता भरतीची वाट बघत बसलेत. काही पोलीस भरतीला गेले. धावण्यात आम्ही मागे पडलो नाही, डोंगर चढून शाळेत जाणारी पोरं आम्ही. अडकलो ते कागदात. जातपडताळणीला आजाचा १९५० सालच्या आधीचा पुरावा लागतो. आजाचा शाळेचा दाखला आणा म्हणतात. आजाने शाळा बघितली नाही. मग जमिनीचा जुना उतारा आणा म्हणतात. जमीन फॉरेस्टमध्ये, उतारा कुठून आणणार? आणि आमचा कागद असा महिनोन् महिने फिरत असताना, ज्यांनी आयुष्यात राब जाळला नाही, नागली लावली नाही, त्यांच्याकडे आदिवासी असल्याचे दाखले निघतात. खोट्या दाखल्यांवर नोकऱ्या घेतल्या म्हणून तर सरकारला २००० सालचा जातपडताळणीचा कायदा करावा लागला. पण त्या कायद्याच्या चाळणीत खरेच जास्त अडकतात.

आता ही गाठ नीट बघा. जमिनीचा कागद नाही म्हणून जातीचा कागद लांबतो. जातीचा कागद लांबतो म्हणून नोकरी जाते. नोकरी नाही म्हणून पोरगा रिकामा ठरतो. आणि तो रिकामा पोरगा जमिनीचा कागद करायला बसतो, तर त्याला हसतात. आजा, गाठ जिथे पडली तिथेच आम्ही हात घातलाय.

ताडावर चढलेला माणूस

आमच्यातले काही जण वर चढले, हे खोटं कशाला बोलायचं? कोणी मास्तर आहे, कोणी कंडक्टर, कोणी कचेरीत. त्यांचा आम्हांला हेवा नाही, अभिमान आहे. पण एक विचारतो. ताडावर एक माणूस चढतो आणि ताडी सगळा पाडा पितो. चढणारा मडकं घेऊन खाली उतरतो म्हणून. तो वरच बसून राहिला तर खाली उभे असलेल्यांनी मान वर करून काय करायचं?

तालुक्याला घर बांधलं. पोरांना आपली बोली शिकवली नाही. पाड्यावर येतात ते लग्नाला आणि मयताला, आणि आलं की म्हणतात, "अजून तुमचा रस्ता झाला नाय?" तुमचा! तुमच्या शाळेची उचल ज्या पाड्याने फेडली, त्याचा रस्ता तुमचा नाही?

आजा, तू ज्याला वर चढणं म्हणतोस त्यात दहातला एक चढतो, नऊ खाली राहतात, आणि त्या नऊंना तू रिकामा म्हणतोस. आम्ही नोकरीच्या विरुद्ध नाही. उद्या आमच्यातल्या कोणाला कॉल आला तर तो जाईल, आणि जायलाच पाहिजे. पण पाड्याच्या नावावर जमीन लागली, बांध पडला, विहीर झाली, दुसरं पीक निघालं, आणि दिवाळीला भट्टीची गाडी पाड्यावरून रिकामी परत गेली, तर ते सगळ्यांनी मिळून वर चढणं आहे. ते एका पोराच्या पगारात येत नाही. त्याला दाव्याचा कागद लागतो.

फुकट काम म्हणजे काय, ते मोजा

वनहक्काचा कायदा २००६ साली झाला, त्याचे नियम १ जानेवारी २००८ ला निघाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे आदिवासी जंगलजमीन कसतात, त्यांना कसतात तेवढी जमीन, जास्तीत जास्त ४ हेक्टर, नावावर करून द्यायची, असं त्यात लिहिलंय. पण लिहिलेलं चालत घरी येत नाही. त्याला माणूस लागतो.

एक दावा म्हणजे काय? नमुना 'अ' भरायचा. नवरा आणि बायको दोघांची नावं घालायची, कारण हक्क दोघांच्या नावावर होतो. दोन पुरावे जोडायचे. जुनी दंडाची पावती असेल तर शोधायची. आमच्या एका काकीने छपराच्या वाशात खोचलेली बांबूची नळी काढून दिली, त्यात १९७८ सालची पावती निघाली, धुराने काळी झालेली. गार्डाने तिच्या सासऱ्याला लुटल्यासारखा दंड केला होता, आणि तीच पावती आज काकीच्या बाजूने साक्ष देते. पावती नसेल तर पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसाचा जबाब लिहून घ्यायचा. जबाब देणारा स्वतः त्या दाव्यातला नको. मग प्लॉटवर जायचं, चारी बाजूंना कोण आहे ते लिहायचं, जुना बांध, जुनं आंब्याचं झाड, घराचा चौथरा दाखवायचा, नकाशा काढायचा. वनहक्क समितीच्या पाहणीची नोटीस फॉरेस्टला द्यायची, त्याची पोच घ्यायची. मग ग्रामसभा. तिला निम्मी तरी माणसं पाहिजेत, नाहीतर ठराव टिकत नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी घरोघरी फिरायचं. मग ठराव, मग प्रांताच्या समितीकडे फाईल, आणि तिथून पुन्हा पोच. पोच नाही तर फाईल नाही, हे आम्ही एकदा ठेच लागून शिकलोय.

आमच्या पाड्यावर ४३ दावे आहेत. एका दाव्याला सगळं धरून चार दिवस तरी जातात. ४३ चोक १७२ दिवस. २००५ सालच्या रोजगार हमीच्या कायद्यात एका कुटुंबाला वर्षाला १०० दिवस काम सांगितलं होतं, ते कधी पुरतं मिळालं नाही. आम्ही सात जणांनी मिळून १७२ दिवस भरले, बिनपगारी, घरची भाकर खाऊन. बाजारात एजंट बसलेत ते याच कामाचे प्रत्येक दाव्यामागे पैसे मागतात, फॉर्म फुकट द्यायचा असं नियमातच असताना. शेजारच्या एका पाड्याने एजंटला पैसे दिले. त्याने सगळ्यांच्या फॉर्मवर एकच मजकूर उतरवून काढला, सगळ्यांच्या चतु:सीमा सारख्या! आता त्या पाड्याला पहिल्यापासून सुरुवात आहे.

म्हणजे काम आहे, आणि ते किमतीचंही आहे. फक्त त्याचा पैसा आमच्या हातात येत नाही. ज्याच्या हातात पैसा येत नाही तो रिकामा, हे आपण कोणाकडून शिकलो? आपली आई पहाटे पाणी आणते, लाकडं आणते, नागली दळते, तिला कोणी पगार देत नाही. ती रिकामी आहे का?

वेठ काय होती, म्हाताऱ्यांना विचारा

आता कोणी म्हणेल, मग फुकटच काम करा, चांगलं आहे. तेही आम्हांला मान्य नाही. कारण फुकट कामाचा आपल्या लोकांइतका अनुभव कोणाला आहे?

आपल्या आज्या-पणज्यांनी वेठ केली. जमीनदाराचा माणूस पाड्यावर आला की नांगर घेऊन त्याच्या शेतावर जायचं, आपलं शेत तसंच ठेवून. गवत कापायचं, लाकडं वाहायची, त्याच्या घरचं पाणी भरायचं. मजुरी नाही. नाही म्हटलं की चाबूक. लग्नाला कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघं लग्नगडी, आणि ते कर्ज जन्मात फिटायचं नाही. १९४५ साली डहाणू, तलासरीच्या वारल्यांनी किसान सभेच्या लाल बावट्याखाली ठरवलं, आजपासून वेठ बंद. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, जेठ्या गांगड आणि त्याचे सोबती गेले. तरी वेठ परत आली नाही. त्या लढ्यातले म्हातारे सांगायचे, "आम्ही पैशासाठी लढलो ते खरं, पण पहिल्यांदा नाय म्हणायला शिकलो."

आणि त्याच काळात, त्याच पाड्यांवर दुसरं एक फुकट काम चालू होतं, ते कोणी बंद केलं नाही. ती सावड. आज माझ्या शेतावर दहा माणसं आवणीला आली, उद्या त्या दहांच्या शेतावर माझ्या घरचं माणूस जाणार. पैसा नाही, पण हिशेब आहे. पाटीलकी नाही, सगळे सारखे. कोणाच्या घरी बाई बाळंत असेल, कोणी तापाने पडलं असेल, तर त्याची आवणी सगळे मिळून उरकतात आणि त्याची पाळी पुढे ढकलतात. घर शाकारायचं, विहीर उपसायची, तेही असंच.

दोन्ही बिनपैशाची कामं. मग फरक कशात? आम्ही रात्री बसून खूप बोललो आणि तीन गोष्टी काढल्या. एक, नाही म्हणता येतं का? दोन, कामाचा फायदा कोणाच्या घरात जातो? तीन, उलटी फेड होते का? नाही म्हणता येत नाही, फायदा वरच्याच्या घरात आणि फेड शून्य, ती वेठ. नाही म्हणता येतं, फायदा आपल्यात राहतो आणि फेड होते, ती सावड. कुठलंही फुकट काम पुढे आलं की हे तीन प्रश्न घालून बघा.

नवी वेठ गोड नावाने येते

आता सरकारला हे तीन प्रश्न घाला. जिथे पूर्ण पगाराचा माणूस द्यायला पाहिजे, तिथे सरकार आमच्या पोरापोरींना गोड नाव देतं. वस्तीशाळेत शिकवणारा पोरगा मास्तरचंच काम करायचा, त्याला नाव होतं स्वयंसेवक. शाळेत लागला तर २००० सालापासून शिक्षणसेवक, तीन वर्षं, सुरुवातीला तर महिना ३००० रुपयांवर. शेजारच्या खोलीत तेच शिकवणाऱ्या जुन्या मास्तरला पूर्ण पगार. पावसाळ्यात पाड्यावर औषध पोचवायचा तो पाडा स्वयंसेवक. अंगणवाडीत सकाळपासून पोरं सांभाळते, वजनं घेते, रजिस्टरं भरते, तिचा पगार म्हणायचा नाही, मानधन म्हणायचं. आशा बाई रात्री बाळंतिणीला झोळीत घालून दवाखान्यात नेते, ती तर स्वयंसेविका, तिला पगार नाही, मोबदला, आणि तोही महिन्यांनी.

मान देतात म्हणे! मानाने तांदूळ येत नाहीत.

हे काम वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पाड्यावरचं पोर या बायांमुळे जगतं. पण पहिला प्रश्न घाला. त्यांना नाही म्हणता येतं का? एक दिवस बैठकीला गेली नाही तर काढून टाकायची धमकी. आठ तास, दहा तास काम, आणि नाव स्वयंसेवा. १९८२ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या केसमध्ये सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा बिगारच, आणि घटनेच्या २३ व्या कलमाने बिगारीला बंदी आहे. हे आम्ही शिबिरात शिकलो आणि वहीत लिहून ठेवलंय. मजुराला जे लागू, ते सेविकेला का नाही, एवढंच विचारतो.

तसंच श्रमदान. साहेब येणार म्हटलं की पाड्याने रस्ता झाडायचा, दगडांना चुना लावायचा, आश्रमशाळेच्या पोरांनी गवत उपटायचं. आपला पाडा आपण स्वच्छ ठेवू, त्याला ना नाही. पण जे काम रोजगार हमीतून मजुरी देऊन व्हायला पाहिजे ते श्रमदानात ढकलतात, तेव्हा ती मजुरी गेली कुठे, हे ग्रामसभेत विचारायचं. आणि "काम नाही" असं कोणी तोंडी सांगितलं तर ऐकून परत यायचं नाही. नमुना ४ भरायचा, तारखेसह पोच घ्यायची. १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारभत्ता द्यायचा, पहिले ३० दिवस मजुरीच्या पाव हिश्श्याने आणि पुढे अर्ध्याने, असं कायद्यात आहे. तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही, आणि पोच नसेल तर मागता येत नाही.

आता आपल्या घरात बघू

सरकारला तीन प्रश्न घातले, आता स्वतःला घालतो. दाव्याचं काम आम्ही करतो त्याला नाही म्हणता येतं का? येतं. दोघं गेले, कोणी त्यांना दंड केला नाही. फायदा कोणाच्या घरात जातो? पाड्याच्या. आणि उलटी फेड होते का?

इथे आम्ही गप्प होतो. होत नाही.

आमच्यातला एक जण गेल्या वर्षी आवणीच्या दिवसांत चार वेळा तालुक्याला गेला, अकरा जणांच्या फायली घेऊन. त्या अकरा जणांची आवणी वेळेत झाली. त्याच्या शेतातलं आवण राबातच पिवळं पडलं, बाप एकटा पुरा पडला नाही. भात अर्धं आलं. खावटीचं कर्ज वाढलं. मग बाप त्याला म्हणाला, "तुझी संघटना माझ्या शेतात येते का?" यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. आमच्याकडेही नव्हतं.

मग हे काय झालं? नाव सावडीचं आणि वागणूक वेठीची. जमीनदाराने केली म्हणून ती वेठ, आणि आपल्याच पाड्याने केली म्हणून सेवा, असं चालणार नाही. वरून हसायचं, ते वेगळं.

संघटनेच्या मोठ्या कार्यकर्त्यांनाही सांगतो. तुम्ही सभेत बोलता, कार्यकर्त्याने अपेक्षा ठेवू नये. ज्याच्या घरी एक पगार येतो, त्याला अपेक्षा न ठेवणं सोपं असतं. आमच्या घरी ज्येष्ठात कणगी रिकामी होते. एसटीचं भाडं आम्ही मागितलं तर तुम्हांला वाटतं, पोरगा पैशाला लागला. भाडं मागणं म्हणजे पैशाला लागणं नाही. झेरॉक्सचे पैसे कोण भरतं, दुपारी तालुक्याला आम्ही काय खातो, हे एकदाही बैठकीत निघालं नाही.

आणि पोरींचं तर अजून वेगळं. पोरगी घरचं पाणी, लाकूड, भाकर उरकून मग दाव्याच्या कामाला येते आणि परत जाऊन चूल पेटवते. कायद्यात वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत, म्हणून नावं लिहिली. बैठकीला त्यांना बोलवतो कोण? चहा करायला तेवढं बोलावता. जी पोरगी घरी बसली ती आमच्यात सगळ्यांत चांगला नकाशा काढायची. तिच्याशिवाय काढलेले तीन नकाशे परत आलेत. हसलात त्याची ही किंमत.

आम्ही काय मागतो

पगार मागत नाही. पाड्याकडे पगार नाही, हे आम्हांला माहीत आहे. आम्ही सावड मागतो, जी आपल्याकडे आहे.

जो पोरगा किंवा पोरगी दाव्याच्या कामाला एक दिवस जाईल, त्याच्या शेतावर पाड्याने एक दिवस द्यायचा. आवणीला, बेणणीला, कापणीला, जेव्हा त्याला लागेल तेव्हा. दोन दिवस गेला, दोन दिवस. वहीत लिहायचं, ग्रामसभेत वाचायचं. ज्याचा दावा केला त्याने पहिला दिवस द्यायचा.

ज्याच्या घरी शेत नाही, त्याला तेवढ्या दिवसांची नागली किंवा भात द्यायचं, मूठमूठ जमवून. पैसा काढायचा तो एसटीच्या भाड्याला आणि झेरॉक्सला. त्याचा डबा वेगळा, हिशेब भिंतीवर लावलेला.

पोरगी कामाला गेली त्या दिवशी तिच्या घरचं पाणी शेजारच्या घराने भरायचं. भावाने भरलं तर अजून चांगलं.

जे नोकरीला लागलेत त्यांनी महिन्यातून एक रविवार पाड्याला द्यावा. पैसे नकोत. कचेरीची भाषा त्यांना येते, अर्ज वाचता येतो, साहेबासमोर त्यांची जीभ अडखळत नाही. ते घेऊन खाली उतरा.

आणि आम्ही काय देतो, तेही लिहून देतो. दाव्यासाठी कोणाकडून एक रुपया घेणार नाही. कोणाची फाईल घरचा, दूरचा बघून मागे-पुढे करणार नाही. दारू पिऊन पाहणीला येणार नाही. आमच्यापैकी प्रत्येक जण खालच्या एकाला शिकवेल, म्हणजे उद्या आम्हांला कॉल आला आणि आम्ही गेलो तरी काम पडणार नाही. आठवी-नववी झालेली पोरंही फॉर्म भरू शकतात, अक्षर लावता आलं की झालं. आणि जे निरक्षर आहेत त्यांना प्लॉटच्या चारी बाजू आमच्यापेक्षा जास्त माहीत आहेत, त्यांनी आम्हांला शिकवावं.

आमच्या जोडीच्या पोरांनाही दोन शब्द. गोडाऊनला गेलात, भट्टीला गेलात, लाज धरू नका. पोट आहे. पण तिथे मजुरीची चिठ्ठी घ्या, उचलीचा हिशेब लिहून ठेवा, बारावीचं शिक्षण तिथेही कामाला येतं. आणि पाड्यावर आलात की एक फाईल हातात घ्या. काम नाही म्हणून वेळ काढायला येऊ नका. असा माणूस दोन दिवसांत कंटाळतो आणि अर्धवट फाईल ठेवून जातो, ती दुरुस्त करायला आम्हांला चार दिवस लागतात.

आता दिवस थोडे उरलेत. पाऊस पडला की प्लॉटवर पाहणी होत नाही, ओढे भरले की तालुका लांब पडतो. ४३ पैकी १६ दाव्यांचं काम बाकी आहे. पाच माणसांनी ते पावसाआधी होणार नाही. सात झाली तर होईल, आणि पाडा मागे उभा राहिला तर नक्की होईल.

येत्या बाजाराच्या आदल्या रात्री पाड्यावर बैठक ठेवलीय. सावडीची वही त्या रात्री उघडायची. पहिलं नाव आजाचं लिहावं असं आम्हांला वाटतं. त्याचा दावा त्या सोळांत आहे, आणि त्याच्या शेजारच्या प्लॉटवर कोण कधीपासून कसतो याचा जबाब त्याच्याशिवाय कोणी देऊ शकत नाही. आजा, तू ये. एक दिवस तू आम्हांला दे, एक दिवस आम्ही तुझ्या शेतावर येतो. मग बघ आम्ही रिकामे आहोत का.

जिंदाबाद!

दाव्यांचं काम करणारी पाड्यावरची पोरं-पोरी